छातीला आलंय

भाचीच्या चित्रकलेच्या वहीत पानाच्या कडेला अंगठ्याएवढ्या तीन बायका काढलेल्या होत्या. तिन्ही म्हणजे एकच बाई. पहिल्या चित्रात ती वाकून हंड्याच्या गळ्याला हात घालतेय. दुसऱ्यात हंडा मांडीपर्यंत आलाय आणि तिची कंबर एका बाजूला गेलीय. तिसऱ्यात हंडा कमरेवर बसलाय, मोकळा हात तोल सांभाळायला लांब गेलाय आणि ती चालायला लागलीय. नाक-डोळे काहीच काढलेले नव्हते, तरी हंडा काठोकाठ भरलाय हे कळत होतं.

भाची यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. स्मरणचित्राच्या सरावाला ‘पाणवठा’ हा विषय होता. तिच्या चित्रातली बाई हंडा रिकामा असल्यासारखा उचलत होती, म्हणून क्लासच्या ताईंनी कडेला काढून दाखवलं. “त्या म्हणाल्या, आधी वजन काढ, मग बाई काढ,” असं भाचीनं मला अगदी सहज सांगितलं. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि क्लास कुठे आहे ते विचारलं.

त्याआधी दीड वर्ष मी चित्रकार शोधत होते.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमचं दुकान भांडी बाजारात आहे. तांब्या-पितळेची भांडी, आजोबांपासूनचं. सराफ बाजार, भांडी बाजार हा सगळा भाग गोदाकाठाला इतका लागून आहे की नदी चढली की पहिली आमच्याकडे येते. पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे आता मोबाईलवर येतं, पण बाजारात अजून पूर मोजतात तो मारुतीवरच. पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. कमरेपर्यंत माणसं होळकर पुलावर उभी राहून बघतात. छातीला आलं की बाजार हलतो.

२००८ च्या सप्टेंबरात पाणी छातीच्या वर गेलं. मी तेव्हा गंगापूर रोडला, सासरी. दुपारी दुकानात फोन लावला तर अण्णांनीच, माझ्या वडिलांनीच, उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी ओरडतंय. अण्णा म्हणाले, “छातीला आलंय. ठेव आता.” एवढंच. रात्री उशिरा भावाचा फोन आला की सगळे सुखरूप आहेत आणि दुकान पाण्यात आहे.

त्या दुपारचं माझ्याकडे फक्त हे एक वाक्य आहे. पुढे २०१६ ला पूर आला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला, पण २०१९ बघायला अण्णा नव्हते. ते गेल्यावर मी त्या दुपारवर लेख लिहिला, दोनदा लिहिला, आणि दोन्ही वेळा फाडला. कारण मला सांगायचं काही नव्हतंच. मला ती दुपार बघायची होती. म्हणून ठरवलं की आठ पानांची चित्रकथा करायची. आठच का, तर ए-थ्री कागद मधे दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. दोन कागदांची आठ, वरून कव्हर, मधे दोन पिना. छापखान्यातल्या काकांनी हे हिशेबासकट समजावून दिलं होतं.

स्क्रिप्ट मी महिन्याभरात लिहिली. आठ पानांच्या कॉमिकची स्क्रिप्ट बावीस पानांची झाली होती. प्रत्येक चौकटीत आभाळ कसं आहे, अण्णांच्या कपाळावर किती आठ्या आहेत, कॅमेरा कुठे आहे, सगळं लिहिलं होतं. आणि चौकटींच्या वर अण्णांचे विचार, माझ्या शब्दांत. मला वाटत होतं की एवढं तपशिलात लिहिलंय, आता फक्त काढणारा हात हवा.

पहिला मुलगा इन्स्टाग्रामवर सापडला. टॅब्लेटवर काढायचा, आणि पावसातला रविवार कारंजा त्यानं असा रंगवला होता की ओल्या डांबराचा वास यावा. मी त्याला सांगितलं की पैसे आत्ता नाहीत, पण तुझं नाव होईल, पुढे दिवाळी अंकात वगैरे देऊ. तो हो म्हणाला. दोन पानं पाठवली, सुंदर होती. मी प्रत्येक पानावर दहा-बारा दुरुस्त्या कळवल्या. तिसरं पान आलं नाही, नंतर माझ्या मेसेजला उत्तरही आलं नाही. तीन महिने मी घरात सगळ्यांना सांगत होते की हल्लीची मुलं शब्द पाळत नाहीत. मग एकदा त्याचे जुने मेसेज नीट वाचले. एका पानाला त्याला तीन संध्याकाळी लागत होत्या, दिवसा तो नोकरी करत होता. आठ पानं म्हणजे चोवीस संध्याकाळी, दुरुस्त्या वेगळ्या. ज्याच्या चोवीस संध्याकाळी मी फुकट मागितल्या, त्यालाच तीन महिने दोष देत होते. मी माफीचा मेसेज केला आणि दोन पानांचे पैसे पाठवले. त्याचं चांगलं उत्तर आलं. पण तो परत आला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसरे गृहस्थ घाटावर भेटले. नाशिकला गोदाघाटावर जलरंग घेऊन बसलेली माणसं बारा महिने दिसतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराचं हे गाव. इथे निसर्गचित्राचा हात घरोघरी आहे म्हटलं तरी चालेल. त्यांनी नारोशंकराच्या देवळावरचं ऊन असं लावलं होतं की मी तिथेच उभी राहिले. त्यांनी आनंदानं एक पान करून पाहिलं. घाट, पायऱ्या, पाणी, सगळं जिवंत. फक्त सहा चौकटींत अण्णा सहा वेगळी माणसं झाली होती. त्यांनीच पान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “ताई, मी एक क्षण काढणारा माणूस. तुम्हाला पुढचा क्षणही लागतो.” हे त्यांचे शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत. चित्रकथेचा चित्रकार कसा ओळखायचा हे मला तोवर कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचा मी त्या दिवसांत बराच विचार करायचे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजातले कलाकार चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्रातली माणसं एकमेकांसमोर उभी असतात, आणि त्यांना चालवतो तो गाणाऱ्याचा गळा. आमच्या आठ पानांना गळा नव्हता. चालण्याचं काम चित्रानंच करायचं होतं. आणि भाचीच्या वहीच्या कडेला ती बाई चालत होती.

क्लास सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. पंधरा-वीस पोरं जमिनीवर बोर्ड घेऊन बसलेली, कोपऱ्यात ड्रॉइंग पेपरच्या गुंडाळ्या. शिकवणारी पंचविशीची, चित्रकला महाविद्यालयातून शिकून आलेली. मला आधी मॅडम म्हणत होती, तासाभरानं ताई म्हणायला लागली. मी वहीतल्या तीन बायकांचा फोटो दाखवला तर लाजली, म्हणाली, हे तर असंच. मग मी पैशांचं आधी बोलले. चाचणीचं एक पान कर, आपलं पुढे जमो न जमो, त्याचे दोन हजार तुझे. पुढे जमलं तर पानामागे हाच दर, निम्मे आधी. ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “याआधी कोणी चाचणीचे पैसे दिले नाहीत.”

स्क्रिप्ट तिनं ठेवून घेतली. आठवड्यानं फोन आला, तोही चित्राबद्दल नव्हता. प्रश्न होता.

“ताई, अण्णांनी पहिलं भांडं कुठलं उचललं?”

बावीस पानांत मी ‘अण्णा घाईघाईनं भांडी माळ्यावर चढवतात’ असं लिहिलं होतं. कुठलं भांडं, ते नव्हतं. मी म्हटलं, काढ ना कुठलंही, हंडा काढ. ती म्हणाली, “हंडा उचलणारा माणूस आणि ताम्हण उचलणारा माणूस वेगळा उभा राहतो. आणि पहिलं कुठलं उचललं त्यावरून मला ते कोण होते ते कळेल.”

मी भावाला विचारलं. सोळा वर्षांत मी त्याला हे कधीच विचारलं नव्हतं. तो गल्ल्यावर बसला होता, हातात बिलबुक. म्हणाला, “नावाची.” मला कळेना. मग त्यानं सांगितलं. लग्नसराईच्या आधी लोक भांडी घेतात आणि नावं घालायला दुकानातच ठेवून जातात. कल्हईला आलेली असतात, डाग द्यायला आलेली असतात. त्या दिवशी अशी साठेक भांडी होती. अण्णा म्हणाले, ही लोकांची आहेत, ही आधी वर. आपला माल तोवर खालच्या फळीवर तसाच. शेवटची कळशी वर गेली तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत होतं. त्यानंतर आपल्या मालाला जेमतेम पाऊण तास मिळाला. “म्हणून तर आपलं एवढं नुकसान झालं,” भाऊ म्हणाला आणि परत बिल लिहायला लागला.

मी बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसले. समोर तांबट लेनकडून ठोक्यांचा आवाज येत होता, एखाददुसराच, पूर्वीसारखा नाही. मी लिहिलेल्या अण्णांच्या सगळ्या विचारांत हा एक विचार नव्हता.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती लगेच दुकानात आली. भावानं माळ्यावरून जुनी भांडी काढून दिली. छिन्नीनं घातलेली नावं तिनं बोटानं चाचपून पाहिली. ती अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची असतात, वेलांटी वळवताना ठिपके जवळ येतात, शिरोरेषेवर लांब जातात. ‘सप्रेम भेट’ हे शब्द तर प्रत्येक तिसऱ्या भांड्यावर. तिनं कागद ठेवून वरून पेन्सिल घासून ठसे घेतले. ते आता चौथ्या पानावर आहेत: सगळी भांडी एका उतरंडीत, माळ्याच्या फळीखाली अण्णांचे वर केलेले दोन हात, नावांवर बोटं अशी आली आहेत की पूर्ण नाव कोणाचंच वाचता येत नाही.

मग आणखी एक प्रश्न आला. पुरात कळशी कशी तरंगते? आम्ही दुकानातल्या मोठ्या घंगाळात पाणी भरलं आणि कळशी सोडली. ती उभी राहिली नाही. कुशीवर कलली, गोल फिरली, मग काठावरून एक घोट पाणी आत गेलं. पुन्हा सावरली. दुसरा घोट गेल्यावर तोंड खाली झालं आणि बुडबुडे सोडत ती तळाशी गेली, तळाला टेकताना एक मऊ ठोका वाजला. तिनं आठ वेळा कळशी बुडवली आणि नऊ छोटी रेखाटनं केली. भाऊ काउंटरवरून बघत होता. नंतर तो स्वतःच उठून आला आणि म्हणाला, हंडा बघा आता, हंडा वेगळा जातो.

पाचव्या पानावरून आमचं भांडण झालं. ते फोनचं पान. माझ्या स्क्रिप्टमध्ये तिथे दोन फुगे आणि वर चार ओळी होत्या, पोरीच्या काळजीबद्दल. तिनं थंबनेल, म्हणजे पानाचा छोटा कच्चा आराखडा, पाठवला तर चार चौकटी, आणि पूर्ण पानात एकच वाक्य: “छातीला आलंय. ठेव आता.” मी म्हटलं, वाचणाऱ्याला कळणार नाही की पलीकडे मुलगी आहे. ती म्हणाली, “ताई, रिसीव्हर त्यांनी खांद्यात धरलाय आणि दोन्ही हातांत कोणाची तरी समई आहे. फोन कोणाचा हे कळायला हवं की तो का उचलला हे?” मला राग आला. त्या चार ओळी मी सगळ्यात जास्त वेळा लिहिल्या होत्या. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पान पुन्हा काढून बघितलं. हात मोकळे नसताना, साठ परक्या भांड्यांच्या मधे, त्या माणसानं फोन उचलला होता. मी इतकी वर्षं त्या वाक्याचा तुटकपणा मनात धरून बसले होते. ओळी मी खोडल्या. बावीस पानांची स्क्रिप्ट आता सहा पानांची आहे.

प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारकी चौकट ठेवायची, ही कल्पना सर्वस्वी तिची. त्यात फक्त मारुती. पहिल्या पानावर कोरडा, दुसऱ्यावर पायाला पाणी, तिसऱ्यावर गुडघ्याला, मग कमर, छाती, गळा. सातव्यावर नुसतं पाणी. आठव्यावर चिखलानं माखलेला, पण उभा. घड्याळ काढायची गरजच उरली नाही.

कागदावरचं कामही करून घेतलं. माझी एक मैत्रीण वकील आहे. ती म्हणाली, तुमचं कितीही जमू दे, लिहून ठेवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम १९ आहे: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क दिले तरी, ही माझी कृती आहे असं म्हणायचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. आम्ही दोन पानांत सगळं मराठीत लिहिलं. कथा माझी, चित्रं तिची, पुस्तक दोघींचं. मूळ पानं तिच्याकडे. विक्रीतून खर्च वजा जाता निम्मं-निम्मं. कव्हरवर दोन्ही नावं एकाच आकारात. ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ पासून वाचत आले, पण चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन नावं मिळून तो एक पोरगा झालाय याचा विचार मी कधी केला नव्हता. आता दोन नावं दिसली की मधल्या जागेत काय काय झालं असेल ते डोळ्यांपुढे येतं.

अक्षरं तीच हातानं लिहिते. देवनागरीला फुग्यात जागा जास्त लागते, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, दोन ओळी जवळ आणल्या की उकार खालच्या शिरोरेषेत घुसतो. त्यामुळे माझी वाक्यं आणखी छोटी झाली, आणि मला ती आवडायला लागली. ए-थ्रीवर काढलेलं ए-फोरला छापताना बारीक रेघा उडतात, म्हणून ती क्रोक्विल, म्हणजे बारीक टोकाची निब, ठेवून ब्रशवर आली. सहा पानांचं इंकिंग झालंय. सातवं अडलंय, कारण नुसतं पाणी काढायचं तर काय काढायचं हे तिचं अजून ठरत नाहीये. मी घाई करत नाही.

परवा सकाळपासून धरणाच्या वरच्या भागात पाऊस लागून होता. दुपारी विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला. चार वाजता तिचा फोन आला, मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज. ती होळकर पुलावर होती, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

“ताई, गुडघ्याला आलंय. मी तिसऱ्या पानावरचा मारुती चुकीचा काढलाय. मी पाण्याची सरळ रेघ मारलीय. पाणी सरळ नाहीये. येणाऱ्या बाजूनं ते त्याच्या अंगावर चढतंय आणि मागच्या बाजूला खड्डा पडलाय, तिथे पाय अजून दिसतायत. मी परत काढते ते पान. तुम्ही येता का बघायला?”

मी म्हटलं, येते. छत्री घेतली, आणि निघता निघता भावाला फोन लावला की गुडघ्याला आलंय, नावाची भांडी किती आहेत खाली?

“वर टाकली,” तो म्हणाला. “सकाळीच.”